दत्ताच्या गावचा समुद्र

समुद्राची काही चूक नाही, हे आधीच सांगून टाकतो. मालवणचा किनारा सुंदर आहे, मासे ताजे मिळतात, माणसं बोलकी आहेत, आणि सोलापूरहून निघालेल्या माणसाला एवढं हिरवं एकदम दिसलं की डोळे निवतात. ज्यांना जायचंय त्यांनी जरूर जावं. फेब्रुवारीत जावं, ऊन सोसवतं. मी मात्र पुन्हा जाणार नाही. त्याचं कारण वेगळं आहे, आणि ते सांगायचं तर सगळं क्रमानंच सांगावं लागेल.

सात रस्त्याजवळ माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान. यंत्रमागाच्या, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या आणि तांब्याची तार नव्यानं भरायची, यात आयुष्य गेलं. आता दुकान मुलगा बघतो. माझी बायको शालन मोडनिंबची. तिची आई गेली तेव्हा शालन शाळेत होती आणि धाकटा भाऊ दत्ता कडेवर घ्यायच्या वयाचा. शालनची शाळा तेव्हाच सुटली. चूल तिच्याकडे आली आणि दत्ताही. लग्न होऊन ती माझ्या घरी आली, त्यानंतर थोड्याच दिवसांत दत्ता दप्तर घेऊन आला. आमच्या दोन खोल्यांत राहून शिकला, डी.एड. झाला आणि सिंधुदुर्गात शिक्षक म्हणून लागला. घाटावरची बरीच पोरं तेव्हा तिकडे नोकरीला गेली. काही बदली करून परत आली. दत्ता आला नाही; मालवणात घर बांधून राहिला. लग्नही त्यानं तिकडच्या तिकडे केलं आणि मग जोडीनं येऊन आमच्या पाया पडून गेला. मुलगी झाली तेव्हा मात्र नाव ठेवायला आत्या हवी म्हणून शालनला फोन आला. आमच्या शेजारच्या तेलुगू मास्तरणीला विचारून शालननं 'तन्वी' हे नाव काढलं होतं. ते तिनं फोनवरूनच पाळण्यातल्या बाळाला सांगितलं.

त्यानंतर दर दिवाळीला फोनवर दत्ताचं एक वाक्य ठरलेलं होतं. "आक्का, या वर्षी कोकणात यायचंच." शालन ते मनापासून घ्यायची. मी घेत नव्हतो, पण बोलायचो नाही. या वर्षी दिवाळी झाली, थंडी आली, आणि एक दिवस ती म्हणाली, "तो बोलवून बोलवून दमला आसंल. आपनच जाऊ या की."

तिकिटं काढली आणि मग दत्ताला फोन लावला. त्यानं तारीख दोनदा विचारून घेतली. 

"या की, दाजी," तो म्हणाला. "फक्त घराला रंग चाललाय, पाय ठेवायला जागा नाही. समुद्रावर एका ओळखीच्यांकडे तुमची सोय करतो. रोज फिरायला गाडी देतो. एक जागा चुकू देत नाही बघा तुम्हाला."

शालननं फोन हातात घेऊन दुसरं काहीच नाही, एवढंच विचारलं, "तन्वी हाय का घरी?"

"मुंबईला असते ना आता ती. रजा नसते तिला," दत्ता म्हणाला.

शालननं नव्या ज्वारीचं पीठ बांधून घेतलं. भावाला स्वतःच्या हातची भाकरी करून वाढायची, एवढाच तिचा कोकणातला बेत होता.

मालवण

दत्ता स्टँडवर आला होता. अंगानं भरलाय, केस रंगवलेत, शर्ट पँटमध्ये खोचलेला. वाकून पाया पडला आणि म्हणाला, "ताई, प्रवास कसा झाला? भावोजी, बॅग द्या इकडे."

ताई आणि भावोजी. जन्मभर तो आक्का आणि दाजी म्हणत आला. शालननं माझ्याकडे बघितलं नाही, पण तिनंही ते ऐकलं होतं. गाडी तयार होती. चालक बाबल, तिशीचा, दत्ताचाच जुना विद्यार्थी. दत्तानं आम्हाला गाडीत घातलं आणि मोटारसायकलवर पुढे निघून गेला. गावाबाहेर, तारकर्लीच्या वाटेवर माडांच्या बागेत एक कौलारू घर होतं. मालकीण सुहासिनीकाकी. दोन खोल्या पाहुण्यांना देतात, जेवण स्वतः करतात. मागच्या दारातून चार पावलं टाकली की वाळू.

दत्तानं चहा उभ्या उभ्याच घेतला. शाळेत तपासणी आहे म्हणाला, आणि गेला.

संध्याकाळी आम्ही वाळूत जाऊन बसलो. शालननं समुद्र पहिल्यांदाच बघितला. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही; येतं त्या दिवशी घरातली झाडून सगळी भांडी भरून ठेवायची, ही तिची सवय. ती पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ह्याला काटच न्हाय की वो तिकडनं." लाट पायाशी आली तशी तिनं लुगड्याचा काठ वर धरला आणि मागे सरकली.

रात्री काकींनी बांगड्याचं तिखलं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी वाढली. शालन मटण खाते, पण मासा तिनं कधी तोंडात घातला नव्हता. तिनं सोलकढीच घेतली. "ताकात गुलाल पडल्यावानी दिसतंय," म्हणाली आणि दोन वाट्या प्यायली. मी मात्र घाई केली. काटा घशात अडकला. खोकून डोळ्यांना पाणी आलं. काकी शांतपणे आत गेल्या, सुक्या भाताचा गोळा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "चावू नकात, गिळा." काटा गेला. मग त्या शालनजवळ बसल्या आणि दोघींच्या गप्पा सुरू झाल्या. एक मालवणी बोलत होती, एक मोडनिंबचं. अर्धं एकमेकींना कळत नव्हतं, पण बोलणं थांबलं नाही.

"सर तुमचे कोण?" काकींनी विचारलं.

"भाऊ. मीच वाडवला त्याला," शालन म्हणाली.

किल्ला

सकाळी दत्ता किल्ल्यावर बरोबर येणार होता. आला बाबल. सरांना मीटिंग लागली, म्हणाला.

किल्ल्यावर जायला जेटीवरून होडी मिळते. शालन होडीत चढताना माझा दंड असा धरून बसली की बोटांचे वळ उठले. मी इंजिनाचा आवाज ऐकत होतो. पट्टा सैल होता, पण पोचलो. किल्ला समुद्रात उभा आहे. तट असा की अजून एक दगड हलायला तयार नाही. आत महाराजांचं देऊळ आहे, घरं आहेत, आणि खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याच्या विहिरी. शालननं एका विहिरीचं पाणी ओंजळीनं प्यायलं आणि खात्री पटावी म्हणून मलाही पाजलं.

कोकम सरबत विकणाऱ्या एका बाईकडे आम्ही टेकलो. तिचं घर किल्ल्यातच. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा काय करता, असं शालननं विचारलं. बाई म्हणाली, सामान आधीच भरून ठेवतो आणि बसतो. "मग कुनी येत न्हाय का, जात न्हाय?" शालन म्हणाली. बाई म्हणाली, कोण येणार? शालनला हे फार लागलं. परतीच्या होडीत भीती विसरून ती त्याच बाईबद्दल बोलत होती. माहेर दिसतंय समोर आणि जाता येत नाही, कसं राहत असतील म्हणाली.

जेटीवर उतरल्यावर तिनं बाबलला सांगितलं, "सरांच्या घरावरनं घे रं गाडी. आत न्हाय जात, रंग चाललाय ठावं हाय मला. भायेरनं बघते."

बाबलनं आरशातून माझ्याकडे बघितलं. "तो रस्तो खणून ठेवलोहा, काकी. गाडी जाऊची नाय."

रात्री दत्ता आला. त्याच्या हातात मिठाईचा पुडा होता, नजर घड्याळावर. किल्ला आवडला का, होडीत त्रास झाला का, असं पाहुण्यांना विचारावं तसं विचारलं. उद्या कुणकेश्वर, म्हणाला. शालन म्हणाली, "उद्या संध्याकाळी हितंच जेवायला ये. भाकरी करते. काकींची चूल मिळतीया." तो बघू म्हणाला.

कुणकेश्वर

कुणकेश्वरचा रस्ता मी विसरणार नाही. आंब्याला मोहर आलेला होता, काही झाडांवर सुपारीएवढ्या कैऱ्या. खाडीवरचे पूल, खाली पाण्यात उभी माणसं कालवं काढताहेत, आणि वळण संपलं की एकदम समुद्र. देऊळ अगदी वाळूवर आहे. भरतीला लाटा पायऱ्यांपर्यंत येतात. शालननं दर्शन घेतलं, नारळ फोडला, आणि देवळामागच्या कट्ट्यावर आम्ही सावलीत बसलो. तिथं ती दत्ताचं लहानपण सांगत राहिली. तापात त्याला घेऊन मोडनिंबहून कुर्डुवाडीच्या दवाखान्यापर्यंत कशी गेली, तो भाकरीचा पापुद्राच आधी कसा खायचा. मी हे अनेकदा ऐकलेलं आहे. बाबलनं पहिल्यांदा ऐकलं. तो फरशीवर बसून ऐकत होता, आणि मधेच उठून गाडीकडे गेला.

जेवायला एका घरगुती खाणावळीत त्यानं थांबवलं. शालनला उसळ आणि आंबोळी मिळाली, ती खूश झाली. बाबल आमच्याबरोबर न बसता बाहेर बसला.

परतताना त्यानं गाडी मालवणातून न घेता आतल्या वाटेनं घातली. रस्ता अरुंद, वळसा मोठा. मोटारी दुरुस्त करणाऱ्या माणसाला एक सवय असते. नेहमीच्या वाटेनं करंट जात नसेल तर मधे कुठंतरी काही तुटलेलं असतं.  शालन खिडकीतून माड बघत होती.

संध्याकाळी तिनं काकींच्या चुलीवर भाकरी थापल्या. काकी बघत राहिल्या, कारण त्यांच्या भाकरीला गरम पाण्याची उकड लागते आणि शालन कोरड्या पिठावर पाणी मारून नुसत्या तळहातानं ती मोठी करत होती. शेंगाची चटणी, पिठलं, फोडलेला कांदा. दत्ता येईल असं मला वाटत नव्हतं.

पण तो आला. पाटावर मांडी घालून बसला. पहिला घास घेतला आणि हळूच म्हणाला, "आक्का, पापुद्रा."

"आलाय की. फुगलीया," शालन म्हणाली.

त्या रात्री तो पुन्हा आमचाच दत्ता झाला. हात चाटत जेवला. "दाजी, तुमच्या दुकानातला तो खोका अजून हाय का, ज्याच्यावर बसून मी अभ्यास करायचो?" असं विचारलं. शालन समोर बसून वाढत होती आणि तिच्या तोंडावर जो आनंद होता, तो मी आमच्या मुलाच्या लग्नातही बघितला नव्हता. जेवण झाल्यावर हात धुवून तो तिच्याजवळ येऊन बसला. "आक्का, एक सांगायचं हुतं तुला," म्हणाला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो उठून अंगणात गेला, मालवणीत बोलला, "होय, येतंय, येतंय," आणि परत आला तेव्हा चप्पल पायात होती.

"काय सांगायचं हुतं?" शालननं विचारलं.

"काही नाही, ताई. उद्या वेंगुर्ला बघून या. लांब आहे, दिवस जाईल. सावकाश या."

वेंगुर्ला

सकाळी आम्ही न्याहारीला बसलो होतो. काकी घावणे घेऊन आल्या आणि शालनकडे बघून थबकल्या.

"वैनी, तुमी अजून अशाच? साखरपुड्याक जावचा नाय काय तुमका? माझो झिल काल रात्रीच मंडप घालून इलो सरांकडे."

त्यांचा मुलगा मंडपाचं काम करतो, हे आम्हाला ठाऊक होतं. बाकी काहीच ठाऊक नव्हतं. शालनचा हात ताटात होता. मी तोंड उघडलं, पण त्याआधी तीच बोलली.

"व्हय की. निघायचंच हाय आता. लुगडं बदलते आन निघतो." मग घावणा पूर्ण खाल्ला.

खोलीत आल्यावर तिनं बॅगेतून हिरवं इरकल काढलं. मी म्हणालो, "शालन, नको जायला. सरळ परतीची गाडी धरू."

ती निऱ्या घालत राहिली. "नाव मी ठेवलंय तिचं," एवढंच म्हणाली.

गाडीत बसल्यावर बाबलनं विचारलं, "वेंगुर्ला?"

"आदी सरांकडं," शालन म्हणाली.

त्यानं गाडी सुरू केली नाही. स्टेअरिंगवर हात ठेवून बसला. "काकी, माका म्हायत होता," तो म्हणाला. "सरांनी सांगल्यानी, बोलू नको. मी त्यांचोच विद्यार्थी." मग त्यानं गाडी काढली. रस्ता कुठंच खणलेला नव्हता.

घर खरोखरच रंगवलं होतं. फिकट पिवळं, वास अजून येत होता. अंगणात मंडप, झेंडूच्या माळा, खुर्च्यांवर माणसं. बायकांचा घोळका, सनईची टेप. आम्ही फाटकातून आत गेलो तेव्हा दत्ता कुणाला तरी सरबताचा ग्लास देत होता. त्यानं आम्हाला बघितलं आणि ग्लास हातातच राहिला. त्याची बायको स्वाती दारात होती, ती चटकन आत गेली.

नवऱ्या मुलाची आई जवळच बसली होती. मुंबईची, चांगल्या घरातली, बोलायला गोड. ती शालनच्या इरकलाकडे कौतुकानं बघत म्हणाली, "या ना, बसा. सर, या कोण?"

दत्ता आमच्याजवळ आला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"आमच्या गावाकडच्या," तो म्हणाला.

"नात्यातल्या?"

"नाही, शेजारच्या. लहानपणी शेजारी राहायच्या आमच्या."

मी एक पाऊल पुढे टाकलं. शालननं माझं मनगट धरलं. त्या बाईकडे बघून ती हसली आणि तिच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाली, "व्हय, शेजारीच की. ल्हानपनी ह्यो आमच्याच घरात जेवायचा."

मुलाच्या आईनं शालनच्या तोंडाकडे बघितलं, मग दत्ताच्या. दोघांचं कपाळ एक, नाक एक, हसताना दिसणारी दातातली फटसुद्धा एक. तिच्या लक्षात आलं, हे मला तिच्या डोळ्यांत दिसलं. तिनं खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाली, "जेवूनच जा हं."

"न्हाय, बाई. गाडी थांबलीया. पोरीला बघते आन जाते."

तन्वी जांभळ्या साडीत पाटावर बसलेली होती, आणि ती मुंबईतून आजच आल्यासारखी अजिबात दिसत नव्हती. शालननं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मुलगी वाकली, पाया पडली आणि उठताना तिनं शालनचा हात धरला. तिला कळलं होतं. तिचे ओठ हलले. मग तिनं बापाकडे बघितलं आणि हात सोडला.

शालननं पदराच्या गाठीतून चांदीची जोडवी काढून तिच्या मुठीत घातली. ती मला न सांगता तिनं घरून आणलेली होती. शालनच्या आईची होती.

आम्ही फाटकाबाहेर आलो. गाडीपर्यंत पोचतो तोच दत्ता धावत आला. हातात जेवणाचं पार्सल.

"आक्का, आशी जाऊ नको की," तो म्हणाला. आता त्याला आक्का आठवलं. "तुला न्हाय कळायचं. हितं आल्यापासनं घाटी म्हनूनच ऐकत आलोय मी. शाळेत, सासुरवाडीत. कुनी तोंडावर, कुनी मागनं. इतक्या वर्सानं जरा नीट बसलोय. ही मानसं मोठी हायत. तुझं बोलनं ऐकून..." पुढचं त्यानं सोडून दिलं.

मी म्हणालो, "दत्ता, माझ्या घरात तुला कुणी विचारलं की कोण हा, तर मी मुलगा म्हणून सांगायचो. तुझं आडनाव वेगळं, तरी."

त्यानं मान खाली घातली. शालन गाडीचं दार धरून उभी होती. ती रडली नाही. आवाजही वाढवला नाही.

"तू नुस्तं म्हनला आसतास, आक्का, आत्ता येऊ नको, तर मी न्हाय आले आसते," ती म्हणाली. "तेवडं मला कळतंय. पन फिरायला कशाला लावलंस रं? रोज सकाळी गाडी यायची आन मी ह्यांना म्हनायची, बगा, माजा भाऊ किती करतूया माज्यासाठी."

 आतून कुणीतरी "सर" म्हणून हाक मारली. त्यानं मागे बघितलं. शालननं त्याच्या हातातलं पार्सल घेतलं, बाबलच्या शेजारच्या सीटवर ठेवलं आणि आत बसली.

"चल, कुटलं ते गाव म्हनला हुतास," ती बाबलला म्हणाली.

मला परत फिरायचं होतं. पण ती म्हणाली, आत्ता काकींकडे गेलो तर त्या विचारतील, इतक्या लवकर कसे आलात. म्हणून आम्ही वेंगुर्ल्याला गेलो. त्या वाटेवर काय काय होतं ते मला सांगता येणार नाही, मी बघितलं नाही. दीपगृह टेकडीवर आहे, खाली बंदर, रंगीत होड्या, आणि एका बाजूला पांढऱ्या वाळूचा लांब किनारा. सगळं फार सुंदर होतं. सुंदर असल्याचा रागच आला. शालन सुरूच्या सावलीत पदर तोंडावर घेऊन आडवी झाली आणि खरोखर झोपली. मी बाजूला बसून राहिलो. बाबल दूर, आमच्याकडे पाठ करून, ते पार्सल खात होता.

ती उठली तेव्हा ऊन कललेलं होतं. भूक लागली म्हणाली. बंदराजवळच्या हॉटेलात तिनं उसळ-पाव मागवला, संपवला आणि परत मागवला. मग पदर नीट केला, दीपगृह मागे येईल अशी उभी राहिली आणि मला म्हणाली, "फोटू काडा. लोकं इचारत्याल." फोटो काढताना ती हसली. तो फोटो आमच्याकडे आहे. बघणारा प्रत्येक जण म्हणतो, वहिनी किती खुशीत आहेत.

रात्री काकींनी विचारलं, "कसो झालो साखरपुडो?"

"लई झोकात," शालन म्हणाली. मुलीच्या साडीचा रंग, मंडपातल्या माळा, मुलाच्या आईचा स्वभाव, सगळं तिनं सांगितलं. खोटं एकही नव्हतं. त्या चार क्षणांत तिनं एवढं बघून घेतलं होतं.

सकाळी निघताना दत्ता स्टँडवर आला नाही. बाबल आला होता. त्यानं आमची बॅग एसटीत चढवली आणि शालनच्या पाया पडला.

सोलापूर

घरी आल्यावर शालननं सगळ्यांना सांगितलं की आम्ही तन्वीच्या साखरपुड्यालाच गेलो होतो. शेजारच्या मास्तरणीला सांगितलं, मोडनिंबला फोन करून सांगितलं. मी एकदा अडवलं, तर म्हणाली, "मग काय सांगू? त्याला नावं ठिवू द्यू लोकांना?"

लग्न मे महिन्यात मुंबईला होतं. पत्रिका मोबाईलवर आली. खाली दत्तानं दोन ओळी लिहिल्या होत्या, सर्वांनी अगत्य यावे अशा. मोडनिंबच्या सगळ्यांना त्याच दोन ओळी गेल्या होत्या. शालननं पत्रिका मला मोठ्यानं वाचायला लावली. बोलावणाऱ्यांत स्वातीच्या माहेरची माणसं होती, कुणी मामा, कुणी मावशी. आत्या नव्हती.

मोडनिंबहून फोन यायला लागले, आक्का, कधी निघायचं? एका संध्याकाळी स्वयंपाकघरातून तिचं बोलणं माझ्या कानावर आलं. "न्हाय जमायचं बया. ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन हाय, नेमकी तीच तारीख मिळालीया."

माझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं. मी बारीक तार अजून चष्म्याशिवाय ओवतो.

लग्न होऊन गेलं. थोड्या दिवसांनी तिचा चुलतभाऊ विष्णू मला बघायला आला, हातात डाळिंबांची पिशवी. शालननं त्याला गॅलरीतून येताना बघितलं. ती शेजारी गेली, मास्तरणीच्या सासऱ्यांचा काळा चष्मा घेऊन आली आणि माझ्या हातात दिला. "घाला," म्हणाली. मी घातला.

विष्णू समोर बसला. मुंबई लांब, मोडनिंबहून कुणाचंच जाणं झालं नाही, असं सांगितलं. "पर आक्का, बरं झालं, साखरपुड्याला तरी तू हुतीस. आपल्या घरचं कुनीतरी पायजेच की."

"हुते की," शालन म्हणाली. "पोरीच्या म्होरंच बसवलं हुतं मला. आत्याचा मान पैला. दत्तानं स्वताच्या हातानं वाडलं मला पंगतीत."

हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. आधीच्या सांगण्यात पंगत नव्हती. विष्णू समाधानानं मान हलवत होता. "दत्ता पैल्यापासनंच मायाळू," म्हणाला.

"लई," शालन म्हणाली. मग घड्याळाकडे बघून उठली. "ह्यांची ड्रॉपची येळ झाली."

मेडिकलमधून आणलेली साध्या थेंबांची बाटली घेऊन ती माझ्यापुढे उभी राहिली. चष्मा काढला, हनुवटी धरून माझं तोंड वर केलं. "डोळं मिटू नका," म्हणाली. थेंब पडले आणि दोन्ही बाजूंनी ओघळून कानापर्यंत गेले. तिनं ते पदरानं पुसले, त्याच पदरानं पाठमोरी होऊन स्वतःचे डोळे पुसले, आणि चष्मा परत माझ्या नाकावर ठेवला.

"लई चुरचुरतंय का, दाजी?" विष्णूनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "आता बरं आहे."